‘पैसे दिले की कोणीही गोड बोलतं’: मॉरिशसच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एक वाचक’ एवढंच नाव टाकून माझ्या मॉरिशसच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते मी चारदा वाचलं. पहिल्यांदा रागच आला. नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “निम्मं तर बरोबर आहे.” मग राग त्याच्याकडे वळला आणि उत्तर लांबलं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॉरिशस एवढंसं बेट, चांगल्या बस आहेत, स्कूटर भाड्याने मिळते, बीचवर निम्म्या पैशात गाडी लावून देणारे भेटतात. असं असताना आख्खी गाडी आणि वर गाइड घेऊन एका दिवसात बेट ‘उरकणं’ म्हणजे पैशाचा माज. दुसरं, ल मॉर्न डोंगराची गोष्ट मी गाइडच्या तोंडून ऐकली आणि इतिहास म्हणून छापली. तिसरं, हे लोक दुकानात नेतात, कमिशन घेतात, त्यावर लेखात चकार शब्द नाही, म्हणजे लेख जाहिरात आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते, कारण तेच लागलं: “पैसे दिले की कोणीही गोड बोलतं. तुम्ही त्याला माणसं भेटणं म्हणता.”

ल मॉर्नचं आधी घेते, कारण तिथे मी सरळ चुकले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रालगत ५५६ मीटर उंचीचा तो कातळ उभा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत, हे पक्कं आहे. युनेस्कोने २००८ साली तो डोंगर जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो त्यासाठीच. पण १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, ते सांगायला शिपाई डोंगराकडे निघाले, आणि हे आपल्याला पकडायलाच आले असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट आहे. काकांनीसुद्धा (आमचे ड्रायव्हर आणि गाइड एकच, माझा मुलगा त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच काका म्हणायला लागला) सांगताना “हमारे यहाँ कहते हैं” अशीच सुरुवात केली होती. ते ‘कहते हैं’ मी लिहिताना खाल्लं. लेखात दुरुस्ती केली आहे. त्यांच्याकडून ऐकलं म्हणून चूक झाली असं मात्र म्हणू नका. त्यांनी नीट सांगितलं होतं, गडबड माझ्याकडून झाली.

त्या पळालेल्या लोकांना ‘मारों’ म्हणत. हाच शब्द तिकडे आता बिनपरवान्याच्या टॅक्सीला लावतात: ‘टॅक्सी मारों’. बीचवर निम्म्या पैशात गाडी देणारे जे तुम्ही म्हणता, त्यांत बरेचसे हेच. माणसं वाईट नसतात, पोटासाठीच करतात. पण अशा गाडीला काही झालं तर आत बसलेल्याला विम्याचा आधार मिळेलच याची खात्री नसते, आणि माझ्याबरोबर नऊ वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई होती. त्यामुळे परवाना विचारूनच गाडी ठरवली. हॉटेलच्या काउंटरवर मिळालेला भाव ऐकून मात्र मीही हबकले होते. तो आकडा सोडून थेट काकांशी फोनवर ठरवलं, तर तिसरा हिस्सा वाचला. शेअर टूरची चार तिकिटं आणि आमची ही गाडी, यांत मग फारसा फरकच उरला नाही. माजाचा हिशोब करायचाच तर तो एवढा आहे.

बस आणि स्कूटरबद्दल. पंचविशीत असते तर स्कूटरच घेतली असती, आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे. पण आईचे दोन्ही गुडघे गेलेले. आम्ही उत्तरेला ग्रां बे मध्ये राहिलो होतो. तिथून सात रंगांच्या मातीचं शामारेल म्हणजे जवळजवळ बेटाचं दुसरं टोक. बसने राजधानीला, पोर्ट लुईला उतरा, पुढे दुसरी बस, कदाचित तिसरी, आणि डोंगरातल्या गावांना गाड्या मोजक्याच. बेट नकाशावर चिमुकलं दिसतं, साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, पण मधे सगळा डोंगर आहे. रत्नागिरीहून राजापूर नकाशावर केवढं दिसतं आणि गाडीत केवढं वाटतं, तसं समजा.

आता दुकान. हो, नेलं. लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींचं होतं. लेखात लिहिलं नाही, कारण दिवस छान गेला होता आणि तेवढा एक खडा मला जिभेवर नको होता. हे लपवणंच झालं, कबूल. झालं असं की काकांनी विचारलं, “दस मिनट, दुकान देखेंगे?” आणि मी भिडेखातर हो म्हटलं. आत सेल्समन मागे लागला, मुलाने एका शिडाला हात लावला, ते जरा कलंडलं आणि आमची वरात बाहेर. गाडीत बसल्यावर नवऱ्याने सरळ विचारलं, “कमिशन मिळतं का?” काका म्हणाले, खरेदी झाली तर मिळतं, नाही झाली तर चहा मिळतो. पुढे अजून दोन दुकानं होती, तुम्हाला नको असतील तर नको. नको म्हटलं. विषय संपला. तुम्ही जाणार असाल तर गाडी ठरवतानाच ‘दुकान नको’ म्हणून टाका, कोणी रागावत नाही.

पण कमिशन घेणाऱ्या माणसाचं बाकी सगळं खोटं, हे मला पटत नाही. त्या दिवसाचे पैसे वसूल झाले ते काकांनी जिथे जिथे ‘नाही’ म्हटलं तिथे. मी कागदावर अकरा ठिकाणं लिहून नेली होती. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि डॅशबोर्डवर ठेवून दिला. “पाँच,” म्हणाले. सकाळी ग्रां बासँला (शंकराची मोठी मूर्ती असलेलं तळं) जायचं, मग दुपारी शामारेल, हा सगळ्या बसेसचा क्रम. त्यांनी उलटा लावला. शामारेलचं फाटक उघडताना आम्ही पोचलो.

आणि शामारेलबद्दल मी लेखात फार गोड लिहिलं, हेही तुमच्यामुळे आता कबूल करते. ‘सात रंगांची माती’ इंटरनेटवर होळीसारखी दिसते. प्रत्यक्षात लाकडी कुंपणापलीकडे चढउतारांचा उघडा माळ, तांबडा, विटकरी, जांभळट, कुठे पिवळसर. सात मोजायला गेलात तर भांडणं होतील. बेट ज्वालामुखीचं, त्या बेसॉल्टची उष्ण दमट हवेत माती झाली, त्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं शिल्लक राहिली, त्यांचे हे रंग. आईने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा आपला जांभाच की, नुसता उगाळलेला.” जांभ्याचंही गणित लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचंच असतं, त्यामुळे ती फारशी चुकली नाही. पण उन्हं तिरपी होती, तेव्हा जांभळ्या पट्ट्यांना जी मखमल येत होती ती आम्ही निघेपर्यंत विरत चालली होती. बसेस तेव्हा कुठे आत शिरत होत्या.

ल मॉर्नच्या पाण्याखालच्या धबधब्याचं आणखी एका वाचकाने विचारलं होतं, तेही इथेच सांगून टाकते. तो धबधबा नाही. वाळू आणि गाळ उथळ पाण्यातून खोल कडेकडे वाहताना वरून तसा भास होतो, आणि वरून म्हणजे हेलिकॉप्टरमधून. किनाऱ्यावर उभं राहून काही दिसत नाही. काकांनी हे आधीच सांगून आमचे हेलिकॉप्टरचे पैसे वाचवले. त्यात त्यांना काय कमिशन मिळालं ते तुम्हीच सांगा.

खाण्याचं लेखात एका ओळीत उरकलं होतं, तिथे अन्याय झाला. रस्त्याकडेच्या एका गाड्यावर काकांनी थांबवलं. मागे काचेची पेटी, तिच्यात फडक्याखाली पिवळ्या, पातळ पोळ्यांची चळत. दाल पुरी. ही जोडीने मिळते, एक कोणी मागत नाही. बाई दोन पोळ्या किंचित सरकवून एकमेकींवर ठेवते, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची भाजी, टोमॅटोचा रस्सा म्हणजे रुगाय, हिरवी चटणी, वर मिरचीचं वाटण, आणि गुंडाळी करून कागदात. हे सगळं तुमचे पैसे हातात येईपर्यंत झालेलं असतं. शिजवलेली डाळ वाटून कणकेत भरायची आणि लाटायची. आईने पहिला घास खाल्ला, पोळीची कड उलगडून आतलं पुरण बोटाने दाबून पाहिलं आणि निकाल दिला: “गूळ विसरलेत.” काका खूप हसले. त्यांच्याकडे लग्नात हीच पुरी खिरीबरोबर वाढतात म्हणे. “मग बरोबर,” आई म्हणाली, “गूळ बाहेर ठेवलाय.”

तर, तुमचं शेवटचं वाक्य. पैसे दिले म्हणून गोड बोलले. मला वाटतं काका दिवसभरात सगळ्यात खरं बोलले ते गोड नव्हतंच. आम्ही भारतीय प्रवासी जे करतो तेच मी केलं. ग्रां बासँच्या वाटेवर विचारलं, “आप मूल के कहाँ के?” ते म्हणाले, त्रिओलेचे, म्हणजे तिथल्याच एका गावचे. मी म्हटलं, तसं नाही, मूळचे, भारतातले. आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, “मैडम, हर टूरिस्ट यही पूछता है। मैं मॉरिशस का हूँ। पाँचवीं पीढ़ी।” आवाज चढला नाही, पण पुढचे पाच-सात किलोमीटर गाडीत कोणी बोललं नाही. मोकामधल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर राबायला नेलेल्या मजुरांच्या, नोंदी जपून ठेवल्या आहेत, कित्येकांचे फोटोसुद्धा. जाऊन गाव शोधता येतं. काका कधी गेले नाहीत. का, हे मी विचारलं नाही, तेवढी अक्कल तोवर आली होती. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण त्यात मी चांगली दिसत नाही.

ग्रां बासँला, म्हणजे गंगा तलावाला, पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं. १०८ फुटी शंकराचा कमरेवरचा भाग ढगात, खाली नुसता त्रिशूळाचा दांडा. माकडाने मुलाच्या हातचं केळं नेलं. गार वारा सुटला होता, स्वेटर न्या.

तिथून परतताना काकांनी स्वतःहून विषय काढला. आईला म्हणाले, तुम्ही मराठी ना, मग गणपतीत यायला हवं होतं. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मुलांना आपापल्या घरची भाषा विषय म्हणून घेता येते, त्यात मराठीही आहे. त्यांच्या शेजारचं घर मराठी, लहानपणी ते आरतीला तिकडेच असायचे. मग त्यांनी आरतीची चाल गुणगुणली. शब्द अर्धे भोजपुरी वळणाचे, अर्धे हरवलेले, चाल मात्र तीच. आई मागून टाळी धरून बसली. आता याचे पैसे दिले होते का? दिले होते, दिवसाचे. नवऱ्यालाही त्याच्या कंपनीत दिवसाचेच देतात. तो तिथे कोणाला आरती म्हणून दाखवत नाही.

बसचा मुद्दा मी अजून पूर्ण सोडलेला नाही, कारण त्यात तुम्ही जिंकलात. टूरचा दिवस रविवार होता. काकांनी फोनवर आधीच सांगितलं होतं की आप्रवासी घाट (गिरमिटिये जिथे उतरत तो पोर्ट लुईचा जुना धक्का) रविवारी बंद असतो, वार बदला. मी बदलला नाही. मग सोमवारी आम्ही चौघं ग्रां बेहून साध्या बसने पोर्ट लुईला गेलो, गाइडशिवाय. उत्तरेकडून येणाऱ्या बस जिथे थांबतात त्या जागेचं नाव इमिग्रेशन स्क्वेअर, आणि घाट तिथून हाकेच्या अंतरावर. आईलाही चालत जाता आलं.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण आले, तिथून सुरुवात. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बेटावर आणली गेली, बहुतेक भारतातूनच. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक त्यांतलेच, आणि त्यांच्यात रत्नागिरीकडचे कितीतरी. आईचं माहेर राजापूरजवळचं. आत गाइड नव्हता, मीही काही बोलले नाही. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, काळ्या, झिजलेल्या. आईने काठीवर रेलून त्या खालूनच मोजल्या. सोळा.

“एवढ्या तर आपल्याकडे पहिल्या मजल्यालाच आहेत,” म्हणाली, आणि परत एकदा मोजल्या.