माया नसलेला स्वेटर

पुण्यात स्वेटर घालण्याजोगी थंडी पडते ती मोजून पंधरा दिवस, तीही सकाळी साडेनवापर्यंतच. तरी आमच्या घरात स्वेटर हा विषय बारमाही आहे, कारण तो सासूबाईंनी विणलाय. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या शिमल्याला गेल्या होत्या. तिथून मेंढीची अस्सल लोकर आणली आणि दोन महिने खपून जावयासाठी हा राखाडी स्वेटर विणला. छातीवर समोरासमोर दोन हरणं. डावीकडच्या हरणाला चार पाय आहेत, उजवीकडच्याला पाच. पाचवा पाय हा पाय नसून शेपूट आहे असं सासूबाईंचं म्हणणं. मी कधी वाद घातला नाही.

डिसेंबरात बायको ऑफिसच्या कामानं चार दिवस नागपूरला गेली आणि मी घरातली कामं अंगावर घेतली. चादरी काढल्या, अभ्रे काढले, सगळं मशीनमध्ये कोंबलं आणि स्वच्छता म्हणजे स्वच्छता म्हणून बटण ‘कॉटन ६०’वर फिरवलं. चहा घेऊन मशीनसमोर बसलो. माणूस काम करतो तेव्हा ते होताना बघायलाही आवडतं. तर दहाएक मिनिटांनी काचेतून एक हरीण गेलं.

आधी वाटलं, भास. मग पुन्हा गेलं. चादरीत गुंडाळून स्वेटरही आत गेला होता. दार ओढून पाहिलं, पण त्या मशीनचं दार एकदा लागलं की काम संपेपर्यंत उघडत नाही. मी स्टूलावर बसून राहिलो. हरीण यायचं, माझ्याकडे बघायचं, जायचं. प्रत्येक फेरीला ते थोडं लहान होत होतं.

बाहेर आला तो स्वेटर आमच्या चिरंजीवांना पहिलीतही झाला नसता. पुन्हा जाड असा, की टेबलावर ठेवला तर उभा राहिला.

कपडा आटतो, म्हणतो आपण. दूध आटलं की खवा येतो, विहीर आटली की टँकर येतो. स्वेटर आटला की सासूबाई येतात. पुढच्या रविवारी येणार होत्या.

मग मी अभ्यासाला बसलो. सुती कपडा आटतो त्यात त्याची फारशी चूक नसते. मागावर आणि पुढे गिरणीतल्या यंत्रांवर सूत सतत ताणलेलं असतं. पाणी लागलं की ते सैलावतं आणि आपल्या मूळ जागी येऊन बसतं. म्हणून तर ब्लाउजचं अस्तर आणि साडीचा फॉल आधी पाण्यातून काढतात. तसाच लावलेला फॉल पहिल्या धुण्यात साडीच्या काठाचं काय करतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. १९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट नावाच्या गृहस्थानं गिरणीतच कापड दाबून आगाऊ आकसवून ठेवायची युक्ती काढली. वडिलांच्या शर्टाच्या कापडाच्या किनारीवर ‘सॅन्फोराइज्ड’ असा छाप असायचा, तो त्याच्या नावावरून. लहानपणी मला ते गिरणीच्या पारशी मालकाचं आडनाव वाटायचं.

लोकरीचं प्रकरण वेगळं. लोकर म्हणजे शेवटी केस, आणि त्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण ही तिन्ही जमली की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात, आणि मग मागे सरकणं नाही. काश्मीरमध्ये हेच मुद्दाम करतात; लोकर भिजवून, दाबून, लाटून त्याचा नमदा बनवतात. त्या बिचाऱ्यांना अंगमेहनत पडते. आमच्या मशीननं तेच काम तासाभरात केलं आणि वर शेवटी गाणंही वाजवलं. सासूबाईंनी स्वस्तातली अ‍ॅक्रिलिकची लोकर आणली असती तर यातलं काहीच झालं नसतं, कारण अ‍ॅक्रिलिकला खवले नसतात. पण जावयाच्या बाबतीत काटकसर करायची नाही म्हणून बसल्या.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “केसच ना? मग कंडिशनर लाव.”

माझ्या डोक्यावर कंडिशनर लावण्यासारखं २०१४ नंतर काही राहिलेलं नाही. त्यामुळे बायकोची बाटली शोधली. कोमट पाण्यात थोडं कंडिशनर, अर्धा तास भिजवणं, मग पिळायचं नाही, पंचात गुंडाळून दाबायचं, आडवं पसरायचं आणि ओलं आहे तोवर हळूहळू ओढत राहायचं. केसावरून केस घसरावा, हा त्यामागचा हेतू. ‘थोडं’ हे माप मला समजलं नाही, म्हणून अर्धी बाटली ओतली.

ओढायला चिरंजीवांना बोलावलं. ते सध्या जिमला जातात. “बाबा, तुम्ही गळा धरा,” म्हणाले आणि खालून असा हिसका दिला की मी गुडघ्यांवर सरपटत सोफ्यापर्यंत गेलो. हळूहळू हा शब्द त्या पिढीला कळत नाही. मग जुन्या गादीवर स्वेटर अंथरून कडेनं टाचण्या मारल्या. एका बाहीत लाटणं घातलं, दुसरं लाटणं नसल्यामुळे दुसऱ्या बाहीत रवी घातली. खालच्या पट्टीवर वरवंटा ठेवला. दर तासाला टाचण्या काढायच्या, ओढायचं, पुन्हा मारायच्या. रात्री अकराला गजर लावून उठलो, एकलाही उठलो. मुलगा तान्हा होता तेव्हाही मी एवढा उठलेलो नाही, असं बायकोनं नंतर सुनावलं.

दोन दिवसांनी हिशेब केला. उंची चार बोटं वाढली होती, रुंदी होती तेवढीच. रवीची बाही टोकाला फुगली होती. हरणांच्या माना जिराफासारख्या झाल्या होत्या. पाचव्या पायाचं मात्र ओढून ओढून खरोखरच शेपूट झालं होतं.

शेवटचा उपाय म्हणून खालच्या शिंप्याकडे गेलो. म्हटलं, बाजूनं उसवून काही मिळतंय का बघा. त्यानं स्वेटर उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

“साहेब, यात माया नाही हो.”

दोन महिने! डोळ्यांना चष्मा लावून! आणि हा म्हणतो माया नाही. हे वाक्य सासूबाईंच्या कानावर गेलं नाही, एवढंच नशीब.

बायको आली. कपाट उघडलं, थबकली.

“स्वेटरला माझ्या शांपूचा वास का येतोय?”

“कंडिशनरचा,” मी म्हणालो. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

रविवारी सासूबाईंना दाखवायची वेळ आलीच. त्यांनी स्वेटर चिमटीत धरून चुरून पाहिला. “गरम पाण्यात घातलात होय?” एवढंच म्हणाल्या आणि कात्री मागितली. मी तोंड फिरवलं. करकर आवाज झाला. “बघा, एक टाका सुटत नाहीये आता. ह्यांना केव्हाचं जपाला लोकरीचं आसन हवं होतं. मृगाजिन काय आता मिळणार आहे? यात हरणं आयती आहेत.” बाह्यांची दोन फडकी झाली, कढई उतरवायला.

तेव्हापासून सासरे रोज सकाळी माझ्या छातीवर बसून रामरक्षा म्हणतात. परवा गेलो तेव्हा डोळे उघडून म्हणाले, “ऊब छान आहे हो. पण एका हरणाला शेपूट आणि दुसऱ्याला नाही, असं का?”