काडतूस आत बसलं म्हणजे चाललं?

बारा बोअर म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो: ‘काडतूस आत गेलं, बंदूक मिटली, की बिनधास्त बार काढा. नवी घेणार असाल तर सगळ्यात लांब चेंबरची घ्या, मार लांब जातो.’

चेंबर म्हणजे नळीचा मागचा भाग, ज्यात काडतूस बसतं. आधी ‘आत गेलं’चं बघू. काडतुसावर छापलेली लांबी बार झाल्यानंतरची असते. ७० मिमीचं, तोंडाला चुण्या घालून बंद केलेलं कोरं काडतूस मोजलं तर साधारण ५८ मिमी भरतं. त्यामुळे ६५ मिमीच्या, म्हणजे अडीच इंची चेंबरमध्ये ते आरामात बसतं. बार होताच चुण्या उलगडतात आणि पुढचे ५ मिमी चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतात. वॅड (दारू आणि छर्‍यांमधली चकती) आणि छर्‍यांची वाट आवळते, दाब चढतो. पण खरी गोम भरणीत, म्हणजे आतल्या दारू-छर्‍यांत आहे. ७० मिमीचं काडतूस जास्त दाबाचं भरलेलं असू शकतं, आणि ६५ मिमीची जुनी बंदूक तेवढ्या दाबाला तपासलेली नसते. आजोबांच्या परवान्यावरून नातवाकडे आलेल्या विलायती दुनाळ्यांपैकी बर्‍याच ६५ मिमीच्याच आहेत.

‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ बर्‍याचदा नळी फुटायच्या आधी नळ्यांचा सांधा ढिला होतो. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढा, नळ्या मिटून उजेडासमोर धरा. ब्रीचशी, म्हणजे नळ्या मागे जिथे टेकतात तिथे, फट दिसली किंवा नळ्या डुगडुगल्या, तर वापर तिथेच थांबवा.

‘लांब चेंबर, लांब मार.’ चूक. लांब काडतुसात छर्रे जास्त मावतात, वेग वाढेलच असं नाही. पल्ला ठरतो छर्‍याच्या आकारावर आणि चोकवर (नळीच्या तोंडाच्या आवळलेल्या भागावर). ७६ मिमीच्या चेंबरला खरं कारण आहे ते पोलादी छर्‍यांचं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून शिसं बंद आहे. पोलाद हलकं, म्हणून छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि जागाही जास्त लागते. शिशाच्या २८ ते ३६ ग्रॅम भरणीला ७० मिमी पुरतं. (भारतात शिकार १९७२ च्या कायद्याने बंदच आहे, इथे प्रश्न येतो तो शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुकांचा.)

‘सगळ्यात लांब घेतलं की सगळं चालतं’ हे अर्धं खरं. लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस दाबाच्या दृष्टीने सुरक्षित असतं. पण ८९ मिमी चेंबरच्या सेमी-ऑटोत (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणार्‍या बंदुकीत) हलक्या भरणीने बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकणारा खटका, पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. हलक्या बंदुकीतून जड भरणी उडवली तर खांदा सुजतो तो वेगळाच. जुना इंग्रजी हिशोब सोपा: बंदुकीचं वजन छर्‍यांच्या ९६ पट. ३२ ग्रॅमला तीन किलोच्या थोडं वर.

राहिलं ‘चेंबर रीमरने (भोक रुंदावणार्‍या हत्याराने) वाढवून घ्या’. दाब जिथे जास्त असतो त्याच भागातलं पोलाद त्याने खरवडून जातं, आणि बंदूक नव्याने दाबचाचणीला द्यावी लागते. मागच्या मालकाने हे गुपचूप करून घेतलं असेल तर नळीखालच्या सपाट भागावरचा ६५ किंवा ७० हा छापही खोटा ठरतो. म्हणून नुसता आकडा वाचू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर गेज लावून मोजून घ्या.