सेवेला निघालो

इंदुरात कोणाला ‘सेवेला चाललोय’ म्हणून सांगायची सोय नाही. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, अकरा जण सेवेसाठी नेपाळला निघालेत हे कळल्यावर कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “भिया, नेपाल में ऐसी कौनसी सेव मिलती है?” शेवटी दोन्ही बरोबर घेतलं, सेवेची भावना आणि चार किलो लौंगवाली. भावना नारायणघाटाच्या अलीकडेच संपली. सेव शेवटपर्यंत पुरली.

काम साधं होतं. काठमांडूजवळच्या ललितपूरच्या एका मंडळीच्या शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गाला, रंग द्यायचा आणि मुलांना चार गाणी शिकवायची. निघण्याआधी पाळकसाहेबांनी सगळ्यांना बसवून बजावलं, “तिकडे कोणाचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बसमध्ये शेजारच्याला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूविषयी सांगायला, बसू नका.” सूचना सगळ्यांना होती, पण बघत होते ते फक्त आक्कांकडे. आक्कांनी एकदा सरवटे बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत पुढच्या माणसाला इतकी मनापासून साक्ष दिली होती, की तो रांग सोडून निघून गेला आणि आक्कांचा नंबर लवकर लागला.

मी मुद्दाम पासपोर्ट घेतला होता. आमच्या घराण्यात परदेशी जाणारा पहिलाच मी. आजोबा नगरहून इंदूरला आले तोच आमच्याकडचा मोठा प्रवास. रेल्वेने लखनौ, तिथे गाडी बदलून गोरखपूर, पुढे जीपने सरहद्दीवरची सुनौली. शनिवारी सकाळी कमानीखालून पलीकडे गेलो तेव्हा पासपोर्ट छातीशी धरला होता. कोणी बघितलासुद्धा नाही. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही, शिक्काही मारत नाहीत. कमानीतून आमच्याबरोबर एक म्हैस परदेशी गेली, तिचा आणि माझा दर्जा एकच.

परदेश जाणवला तो घड्याळात. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. अर्धा तास, तास हे समजू शकतं. पंधरा मिनिटांचा परदेश म्हणजे शेजारणीने वाटीभर साखर मागावी तसं वाटलं. आमच्या सेक्रेटरीकाकांनी लगेच अकराच्या अकरा घड्याळं जुळवून घेतली. हा माणूस शिस्तीचा. यजमानांशी सगळा पत्रव्यवहार त्यांनीच केला होता. ते पुढे येईलच.

भैरहवाला बस ठरवली. पावतीवर साल 2080! बाहेर जगात 2023 चा नोव्हेंबर चालू होता. तिकडे विक्रम संवत चालतो हे ठाऊक होतं, तरी मला बावन्नावं चालू असताना एकशे नवव्या वर्षी बसमध्ये चढतोय असं वाटून गेलं. उतरताना तर खरोखरच तेवढं वय झालं होतं.

बस निघाली आणि खलाशी, म्हणजे बसचा क्लीनर, पोरगा ओरडला, “गुरुजी, जाऊँ!” पाळकसाहेब दचकून म्हणाले, “जाऊ या, बाळ.” मग कळलं, नेपाळात ड्रायव्हरला गुरुजी म्हणतात. एका बसमध्ये दोन गुरुजी, आणि प्रार्थना करायला लावण्यात पुढच्या सीटवरचा केव्हाही सरस. पाळकसाहेबांच्या उपासनेत आम्ही डोळे मिटतो ते कधीकधी झोपेने. या गुरुजींनी पहिल्या वळणावर समोरून ट्रक येत असताना दुसरी बस ओलांडली, तेव्हा अकराही जणांनी डोळे मिटले आणि एकालाही झोप नव्हती.

बुटवलपासून नारायणघाटापर्यंत रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. चाललं होतं म्हणजे रस्ता काढून नेला होता. दाउन्नेच्या चढावर तर बस रस्त्यावरून जातेय की रस्ता बसमधून जातोय हे कळेना. खिडक्या लावल्या तरी धूळ आत, उघडल्या तरी आत. तासाभरात सगळ्यांचे केस एका वयाचे झाले. त्यात आम्ही पडलो इंदूरचे. स्वच्छतेत 2017 पासून पहिला नंबर डोक्यात गेलेला. चण्याचा कागद बाहेर टाकायला हात धजेना. पाळकीणबाईंनी दोन पिशव्या टांगल्या, ओला कचरा आणि सुका कचरा. खलाशी पोराने दोन्हीत कुतूहलाने डोकावून पाहिलं आणि आपल्या हातातली संत्र्याची सालं सुक्यात टाकली. पाळकीणबाईंनी ती उचलून ओल्यात टाकली. तो लाजला. तेवढी एकच सेवा त्या दिवशी आमच्या हातून घडली.

तोच पोरगा थोड्या वेळाने मागे येऊन आक्कांना म्हणाला, “भोक लाग्यो?”

आक्का ताडकन उठल्या. “अगं बाई! कुठे? टायरला की टाकीला?”

नेपाळीत भोक म्हणजे भूक, हे आम्हाला चहावाल्या दिदीने समजावेपर्यंत तीन पुरुष बसखाली वाकून आले होते.

मुग्लिंगला जेवायला थांबलो. डाळ, भात, भाजी, लोणचं, पापड. थाळी 320 म्हटल्यावर आक्का पुन्हा उठल्या. तिकडे दुकानदार आधी विचारतो, “आयसी की एनसी?” म्हणजे पैसे भारतीय की नेपाळी. आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ. सेक्रेटरीकाकांनी भागाकार करून दोनशे सांगितले तेव्हा कुठे आक्का बसल्या, आणि मग वसूल करायच्या तयारीनेच बसल्या. ती गरज नव्हती. वाढणारी बाई भाताचं भांडं घेऊन मागेच उभी असते. अर्धं ताट रिकामं दिसलं की भात. नको म्हणायला तोंड उघडलं की भात. खलाशी पोराला आमची दया आली. म्हणाला, “पुग्यो भन्नुस्.” पुग्यो म्हणजे पुरे. हा शब्द आम्ही अकराही जणांनी एका सुरात म्हटला. भजनातही आमचा सूर इतका कधी लागला नव्हता.

पुढे त्रिशूलीच्या काठाने वळणंच वळणं. आक्कांनी सीटचा दांडा धरून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. अटी घालून. “प्रभू, ह्या वळणातून काढ, महिला मंडळाचा हिशेब मी स्वतः लिहीन.” चार वळणांनंतर त्यांनी थकलेल्या वर्गण्याही कबूल केल्या. हे सगळं मराठीत चाललेलं असल्यामुळे कायद्याचा प्रश्न आला नाही, पण शेजारचे नेपाळी आजोबा हात जोडून दर ‘आमेन’ला मान हलवत होते. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत बसले.

मलेखूला तळलेले मासे खाल्ले. खायला नको होते. एवढंच लिहितो.

नागढुंग्याच्या घाटात ट्रकांची रांग लागली आणि बस जी थांबली ती रात्रभर मुंगीच्या पावलाने सरकत राहिली. “गुरुजी, किती वेळ?” “पाँच मिनेट.” ही पाच मिनिटं नेपाळी, तेव्हा त्यांत आपली पंधरा धरायची का, यावर सेक्रेटरीकाका रात्री दोन वाजता हिशेब करत होते. सेव फिरत होती. खलाशी पोराला इतकी आवडली, की त्याने गुरुजींना नेऊन दिली आणि त्यानंतर बस निदान एका हाताने, जरा सावकाश चालू लागली.

पहाटे कधीतरी झोप लागली. एकदम बसवर थापा पडल्या. पोरगा ओरडत होता, “पुग्यो! पुग्यो!”

आक्का झोपेतच पदर सावरत म्हणाल्या, “पुरे झालं तर वाढतोस कशाला, मेल्या?”

पण पोहोचलो यालाही पुग्योच म्हणतात. ललितपूर आलं होतं.

रविवारची सकाळ. पाळकसाहेबांनी बसच्या आरशात बघून पांढरा शर्ट चढवला. उपासनेला वेळेवर पोहोचलो याचं समाधान धुळीतूनही दिसत होतं. यजमान धावत आले, “जय मसीह!” आम्ही म्हटलं, “सलाम!” पण मंडळीच्या दाराला कुलूप, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि यजमानांच्या खांद्याला ऑफिसची बॅग.

नेपाळात सुट्टी शनिवारी असते. त्यामुळे उपासनाही शनिवारी. काल दुपारपर्यंत सत्तर माणसं आमची वाट बघत बसली होती. “पत्रात शनिवार लिहिला होता की,” यजमान संकोचून म्हणाले.

आम्ही सगळे सेक्रेटरीकाकांकडे वळलो.

“लिहिला होता,” काका म्हणाले. “मला वाटलं चुकून पडला. मी खोडून दुरुस्त केला.”

कोणी काही बोललं नाही. यजमानांनी किल्ली, रंगाचे डबे आणि चार ब्रश पाळकसाहेबांच्या हातात दिले आणि ते बस पकडायला गेले. आक्का पायरीवर बसल्या, सेवेची शेवटची पिशवी सोडली आणि मनगटावरचं घड्याळ काकांपुढे धरलं.

“पंधरा मिनिटं तेवढी बरोबर लावून दिलीत हो.”