‘जुना एसएमपीएस फेका, एटीएक्स बसवा’ हा सल्ला आयबीएम पीसीला मानवत नाही

जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. १९८० च्या दशकातला आयबीएम पीसी किंवा त्याचा क्लोन (दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल) हाती आला की आतला मूळ एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा सप्लाय, काढून टाका, आजच्या संगणकांत असतो तसा ४५० वॅटचा एटीएक्स सप्लाय आणा, अडॅप्टर केबल लावा, झालं काम. सोबत कारणं येतात ती अशी: व्होल्टेज तीच असतात, वॅट जितके जास्त तितकं यंत्र सुरक्षित, जुना सप्लाय कधीही बोर्ड जाळेल आणि बहुतेक वेळा तो मेलेलाच असतो. पहिल्या दोन कारणांवर विसंबून धडधाकट मदरबोर्ड जळतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

व्होल्टेज तीच नसतात. १९८१ च्या आयबीएम पीसीचा सप्लाय +५, +१२, −५ आणि −१२ असे चार व्होल्टेज देतो. १९९५ मध्ये एटीएक्स आला तेव्हा त्यातही −५ होतं, पुढे ते प्रमाणातून काढून टाकलं गेलं. आजच्या २४ पिनांच्या कनेक्टरवर त्याची जागा रिकामी असते. साध्या अडॅप्टरमधली −५ ची पांढरी वायर त्यामुळे कुठेच पोहोचत नाही.

हे −५ लागतं का, ते बोर्डावर अवलंबून आहे. पीसीच्या पहिल्या, १६ ते ६४ केबीच्या मदरबोर्डवर ४११६ जातीच्या मेमरी चिप आहेत. त्यांना +५, +१२ आणि −५ असे तिन्ही लागतात, आणि −५ सगळ्यात आधी यावं व सगळ्यात शेवटी जावं अशी अपेक्षा असते. −५ नसताना +१२ मिळत राहिलं तर चिप तापतात आणि मरतात. नंतरच्या ६४ ते २५६ केबीच्या बोर्डवर ४१६४ चिप आल्या, त्यांना एकटं +५ पुरतं. तिथे −५ फक्त स्लॉटपर्यंत जातं, एखाद्या कार्डाला लागलं तर. पीसीनंतरच्या एक्सटी या आयबीएमच्या मॉडेलात हाच नंतरचा बोर्ड असतो, म्हणून एक्सटीवाल्याचा ‘माझा तर चालला’ हा अनुभव पहिल्या पीसीवाल्याच्या काहीच कामाचा नाही.

एटीएक्स लावायचाच असेल तर −१२ वरून ७९०५ रेग्युलेटरने (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या चिपने) −५ काढता येतं, काही अडॅप्टरमध्ये ते आधीच केलेलं असतं. फक्त ७९०५ चा धातूचा पत्रा ग्राउंडला नसून इनपुटला जोडलेला असतो, त्यामुळे तो कॅबिनेटला टेकता कामा नये.

आता वॅट. मूळ पीसीचा सप्लाय ६३.५ वॅटचा, एक्सटीचा १३० चा. बोर्ड हवी तेवढीच वीज खेचतो, त्यामुळे जास्त वॅटने तो जळेल ही भीती खोटी, पण जास्त वॅट म्हणजे संरक्षण हेही खोटंच. या बोर्डांवरचे टँटलम कपॅसिटर (टँटलम धातूचे, वीज साठवणारे छोटे भाग) म्हातारपणी शॉर्ट होतात. मूळ सप्लाय अशा वेळी चटकन बंद पडतो, मग मल्टीमीटर घेऊन शांतपणे दोषी कपॅसिटर शोधता येतो. पूर्ण शॉर्टला नवा सप्लायही थांबतो. अर्धवट शॉर्टला मात्र त्याच्या दृष्टीने किरकोळ भार असल्याने तो वीज पुरवत राहतो, आणि कपॅसिटर फुटून भोवतालचा बोर्ड काळा होतो. शिवाय नव्या सप्लायचे बहुतेक वॅट +१२ वर असतात आणि जुनी यंत्रं भूक भागवतात +५ वर. स्वस्त एटीएक्समध्ये या दोन्हींचं नियंत्रण एकत्र असतं, त्यामुळे +५ खाली बसतं आणि +१२ वर चढतं.

‘जुना सप्लाय बोर्ड जाळतो’ हे कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या बाहेरच्या सप्लायच्या ठोकळ्याबद्दल अगदी खरं आहे. त्याचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज चढतं आणि मेमरी जाते. तो जरूर बदला, पण त्या यंत्राला ९ व्होल्ट एसीसुद्धा लागतं हे विसरू नका. आयबीएमच्या सप्लायमध्ये मात्र व्होल्टेज चढलं तर बंद पडण्याची सोय मुळातच आहे. धूर काढण्यासाठी बदनाम आहेत ते मेन्सवरचे, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या बाजूचे, रिफा कंपनीचे धातूलेपित कागदाचे कपॅसिटर. १९८४ पासून क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकातही ते सापडतात. त्यांना तडे जातात, ओल शिरते, घाणेरडा धूर येतो, पण बोर्डाला सहसा धक्का लागत नाही. त्याजागी मेन्सवर लावायच्या एक्स२ वर्गाचा पॉलिप्रॉपिलिन (प्लास्टिक फिल्मचा) कपॅसिटर लावला की विषय संपला. झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. आपल्या २३० व्होल्टवर तिथे ३२५ च्या आसपास डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतं.

‘मेलेला’ म्हणून भंगारात जाणारे कितीतरी सप्लाय चांगले असतात. टेबलावर मोकळा ठेवून चालू केला तर हा सप्लाय उठतच नाही, त्याला किमान भार लागतो. +५ वर २ ओहमचा २५ वॅटी रेझिस्टर आणि +१२ वर एखादी जुनी हार्ड डिस्क लावा, चारही व्होल्टेज मोजा, आणि मगच तो मेला की नाही ते ठरवा.