चिरा भाजलेला नाही, गोवा लाव्ह्याचा नाही

“गोव्याची जमीन ज्वालामुखीने घडवली. लाव्ह्याने खालचा दगड वितळवला, तो पुन्हा थिजला, म्हणून आपले खडक रूपांतरित. चिरा त्याच आगीत भाजून लाल झाला. दगडात पट्टे दिसले की तो नीस समजावा.” अशा आशयाचा मजकूर सड्याच्या, म्हणजे चिऱ्याच्या पठाराच्या, फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. (चिरा म्हणजे जांभा दगड; नीस म्हणजे उच्च तापमानात रूपांतर झालेला पट्टेदार खडक.) शाळेतली मुले तो वहीत उतरवून घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वितळण्याचे. वितळून थिजलेला दगड अग्निजन्य. रूपांतर होते ते दगड घन असतानाच. भूकवच दुमडते, खडक कित्येक किलोमीटर खोल दाबला जातो, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातली खनिजे अस्थिर होऊ लागतात आणि त्याच मूलद्रव्यांतून नवी खनिजे स्फटिकरूपात वाढतात. खडकातल्या फटींतले गरम पाणी या घडामोडीला वेग देते. चिकणमातीच्या खडकात तापमान वाढत गेले की आधी क्लोराइट, मग बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट ही खनिजे दिसतात. हा क्रम उलगडण्याची सुरुवात भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून केली. सिलिमनाइटच्याही पुढे गेल्यावर खडक थोडाथोडा वितळू लागतो, आणि तिथे रूपांतराची हद्द संपत येते.

गोव्यातले बहुतेक जुने खडक या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरच थांबले. दोनापावलाच्या किनाऱ्यावरचा करडा दगड म्हणजे रूपांतरित ग्रेवॅक, समुद्रतळावर साचलेली मातकट वाळू. दाब-तापमान सोसूनही त्यातले वाळूचे कण आणि गाळाचे थर अजून ओळखू येतात. हा दगड वितळला असता तर ते कण उरलेच नसते. पोस्ट पुढे पाठवण्याआधी ओहोटीच्या वेळी तिथे भिंग घेऊन जावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

चिऱ्याचा तर रूपांतराशी संबंधच नाही. तो उन्हापावसात झिजून झालेला. धो धो पाऊस आणि कोरडा उन्हाळा आलटून पालटून आला की मूळ दगडातली सिलिका आणि क्षार वाहून जातात, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. लाल रंग लोखंडाच्या गंजासारखाच, भट्टीचा नव्हे. विहीर खणताना चिऱ्याखाली पांढरट-जांभळट मऊ माती लागते, तिच्यात मूळ खडकाची ठेवण कधी कधी स्पष्ट दिसते. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अंगडीपुरमच्या अशाच दगडाला लॅटेराइट म्हटले, तेव्हा तो ओला असताना सहज कापता येतो आणि हवेत कठीण होतो हेही नोंदवले. आपल्या चिरेखाणीत काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ज्वालामुखीचा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, गोव्यात ईशान्येच्या कडेला थोडासा आहे. बाकी बहुतेक पाया त्याहून कितीतरी जुना, अब्जावधी वर्षांचा. अनमोड घाटातल्या नीसचे वय सुमारे ३.४ अब्ज वर्षे निघाले आहे. काणकोणचा ग्रॅनाइट वितळलेल्या द्रवातून झाला हे खरे, पण तो जमिनीखाली हळूहळू थिजला, लाव्हा होऊन वर आला नाही.

पट्ट्यांची चूक सर्वांत घातक, कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते. डिचोली आणि सांग्याच्या खाणींतल्या लोहखनिजाच्या मूळ दगडात लोहाचे आणि सिलिकेचे पट्टे आलटून पालटून असतात, पण ते समुद्रात थराथराने साचल्याचे. दगड पुढे रूपांतरित झाला खरा, तरी तो नीस नव्हे. नीसचे पट्टे उच्च तापमानात फिकट आणि गडद खनिजे वेगळी होऊन पडतात. म्हणून नाव ठेवताना आधी पाहायचे की अभ्रकासारखी चपटी खनिजे एका दिशेने लागली आहेत का. लागली असतील तर कण जसे मोठे होत जातील तसे पाटीचा दगड, फायलाइट, शिस्ट, नीस. नसतील तर बहुधा क्वॉर्ट्झाइट, संगमरवर किंवा हॉर्नफेल्स. त्यानंतर मूळ खडक कोणता ते विचारायचे.

पोस्टमधली एक गोष्ट अर्धी खरी आहे. केपे तालुक्यातल्या बार्से भागात खरोखरच प्राचीन लाव्ह्याचे खडक आहेत. मात्र तो लाव्हा दख्खनचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा. रूपांतरानंतर त्यात क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट आणि एपिडोट ही हिरवट खनिजे वाढली, म्हणून तो आज हिरवट दिसतो.