ऑडिट पास झालं म्हणजे वेठबिगारी नाही, असं होत नाही

खाद्यपदार्थ कंपन्यांच्या खरेदी विभागांत एक विधान सर्रास फिरतं: "पुरवठादाराची आचारसंहितेवर सही आहे, दरवर्षी ऑडिट होतं, मजूर राजीखुशीनं आलेले आहेत. मजुरी त्यानं कशी द्यायची हा त्याचा प्रश्न. तरी वेठबिगारी सापडलीच, तर तो पुरवठादार त्याच दिवशी बंद." ऐकायला हे कडक वाटतं. पण यातला एकही भाग तपासाला टिकत नाही, आणि शेवटच्या भागानं तर मजुरांचंच नुकसान होतं.

"सही आहे."
सही करतो निर्यातदार किंवा प्रक्रिया कारखाना. वेठबिगारी बहुतेकदा त्याच्याही खालच्या पायरीवर असते: कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये, मत्स्यखाद्यासाठी मासे धरणाऱ्या बोटीवर, तोडणीला टोळी पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे. त्या कागदावर यांचं नावही नसतं. जाहीर निवेदनांचंही तेच. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यानुसार ३.६ कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना वेठबिगारी रोखायला काय केलं याचं दरवर्षी निवेदन काढावं लागतं, पण "आम्ही कोणतीही पावलं उचललेली नाहीत" असं लिहिलं तरी त्या कलमाची पूर्तता होते.

"मजूर राजीखुशीनं आलेत."
आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० चा २९ क्रमांकाचा करार वेठबिगारी ठरवताना दोन गोष्टी पाहतो: शिक्षेची धमकी आहे का, आणि काम स्वेच्छेचं आहे का. फसवून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. खुशीनं आलेल्या माणसाला सोडून जाता येत नसेल, तर तीही वेठबिगारीच. सगळ्यात घट्ट बेडी असते भरतीच्या कर्जाची. काम मिळवून देणाऱ्या दलालाचं देणं दहा महिन्यांच्या पगाराएवढं असेल आणि दरमहा पगारातले ४० टक्के कापले जात असतील, तर व्याज न धरताही ते फिटायला २५ महिने लागतात. नोकरीचा करार असतो २४ महिन्यांचा! १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार खासगी भरती संस्थांना मजुराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घ्यायला मनाई करतो. अपवाद फार थोडे. म्हणून भरती, प्रवास आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च मालकानंच करायचा हे खरेदी करारात लिहा, आणि दलालाला दिलेल्या रकमेच्या पावत्या पुरवठादाराकडून मागा. पावती नसेल, तर तो खर्च मजुरानंच केलाय असं धरून चौकशी सुरू करा.

"दरवर्षी ऑडिट होतं."
कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला २०१२ मध्ये सामाजिक मानकाचं, म्हणजे कामगारांची परिस्थिती चांगली असल्याचं, प्रमाणपत्र मिळालं, आणि काही आठवड्यांतच तिथल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मेले. बंद दारं आणि अडवलेल्या वाटा डोळ्यांना दिसतात, तरी ऑडिटमधून त्या सुटल्या. वेठबिगारी तर दिसतही नाही.

आधी कळवून झालेल्या भेटीत तपासनीस कागद बघतो, आणि कागद तयार ठेवता येतात. त्यापेक्षा आकडे एकमेकांशी ताडून पाहा. पगारपत्रकावर १२० नावं आणि जेवणाच्या नोंदीत १८० ताटं असतील, तर उरलेले ६० जण कोणाच्या हजेरीवर आहेत? पगार बँकेत जमा होतो एवढ्यावर थांबू नका, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे ते विचारा. अनेक खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर पैसे बहुधा मुकादमच काढतो.

मुलाखतीसाठी माणसं व्यवस्थापनानं निवडायची नाहीत. रात्रपाळीचे आणि कंत्राटी मजूर घ्याच. बोलणं कामाच्या आवाराबाहेर आणि मजुराच्या भाषेत व्हावं, दुभाष्या पुरवठादाराचा नसावा. "इथे त्रास होतो का?" या प्रश्नाला "नाही" असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: इथे येण्यासाठी किती खर्च आला, पैसे कोणाकडून घेतले, किती फेडायचे राहिलेत? पासपोर्ट कुठे आहे? उद्या गावी जायचं ठरवलं तर काय होईल? कोण काय बोललं हे कारखान्याला कळलं तर सूड ठरलेला, म्हणून अहवालात नाव तर नकोच, पण माणूस ओळखू येईल असा तपशीलही नको.

"मजुरी हा पुरवठादाराचा प्रश्न."
इथे कंपनीनं आधी स्वतःचे भाव तपासावेत. कायदेशीर किमान रोजाला एक मजूर आठ तासांत सरासरी जेवढे किलो तोडतो त्या आकड्यानं भागा. तोडणीचा किलोमागचा किमान खर्च मिळतो. पुरवठादाराच्या दरात तोडणीसाठी त्याहून कमी रक्कम धरलेली असेल, तर तूट मजुराच्याच अंगावर पडते. ऐनवेळी वाढवलेल्या ऑर्डरचंही तसंच. शंभर मजूर आठ तासांत ४० टन पॅक करत असतील आणि आदल्या संध्याकाळी ऑर्डर ६० टनांची झाली, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचे बारा तास भरतात. हा जादा वेळ खरेदीदारानंच लादलेला असतो. फ्लोरिडातल्या टोमॅटो शेतांवरच्या फेअर फूड प्रोग्राममध्ये खरेदीदार टोमॅटोच्या दर पौंड वजनामागे (सुमारे अर्धा किलो) थोडी जादा रक्कम देतात आणि नियम मोडून निलंबित झालेल्या शेताकडून माल घेत नाहीत. त्याला चोवीस तासांच्या तक्रार फोनची आणि मजुरांनीच मजुरांना दिलेल्या हक्कांच्या शिक्षणाची जोड आहे. तो चालतो, कारण पैसा आणि बंधन दोन्ही खऱ्या करारात आहेत.

"त्याच दिवशी बंद."
असं केलं की मजूर कर्जासकट रस्त्यावर येतात, आणि बाकीचे पुरवठादार लपवायला शिकतात. आधी जिवाला धोका असलेल्यांना बाहेर काढा. मारहाण किंवा कोंडून ठेवण्याचा प्रकार असेल तर पोलीस किंवा श्रम खात्याकडे जा, पण मजुरांशी बोलून. त्यांच्याकडे कागदपत्रं नसतील तर कारवाई त्यांच्यावरच उलटू शकते. पासपोर्ट लगेच हातात द्यायला लावा आणि मजुराला स्वतःकडे ठेवता येईल असं कुलपाचं कपाट द्या. थकलेला पगार आणि भरतीचं शुल्क परत करण्याचं वेळापत्रक ठरवा, त्यात नोकरी सोडून गेलेल्यांनाही धरा. पुरवठादारानं नकार दिला, तरच व्यवहार टप्प्याटप्प्यानं थांबवा.

परतफेड झाल्यावर दोनेक महिन्यांनी पुन्हा मजुरांना भेटा. खात्यात जमा झालेली रक्कम "राहण्याचा खर्च" म्हणून कधीकधी पुढच्या पगारातून कापून घेतली जाते, आणि बँकेच्या पावतीवरून ते कळत नाही.