‘मर्डर, शी सेड’ : विनोदाने रहस्याचे काय बिघडवले?

रहस्यपटात विनोद शिरला की रहस्याची धार जाते, असे मत रहस्यकथांच्या जाणत्या वाचकांकडून नेहमी ऐकू येते, आणि १९६१ च्या ‘मर्डर, शी सेड’ या कृष्णधवल ब्रिटिश चित्रपटाचा विषय निघाला की ते अधिकच ठामपणे मांडले जाते. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांत गुन्हे उकलणाऱ्या वयस्कर मिस मार्पलचे या चित्रपटाने हसे केले, अशी तक्रार असते. मला ती मुळीच मान्य नाही. दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक यांच्या या चित्रपटातला विनोद कथेवर वरून चिकटवलेला नाही. तपास पुढे सरकतो तोच त्या विनोदाच्या बळावर.

चित्रपटाचा आधार १९५७ ची ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ ही कादंबरी. आगगाडीने निघालेल्या मिस मार्पल यांच्या डब्याशेजारून दुसरी गाडी पुढे जाऊ लागते, समोरच्या खिडकीवरचा पडदा अचानक वर उडतो आणि आत एक पाठमोरा पुरुष एका स्त्रीचा गळा आवळताना दिसतो. ठाणेकरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मुलुंड सोडल्यावर धीम्या लोकलच्या शेजारी जलद लोकल येते, क्षणभर दोन्हींचा वेग जुळतो, समोरच्या डब्यातले अनोळखी चेहरे अगदी हाताच्या अंतरावर स्थिर झाल्यासारखे दिसतात आणि मग ती गाडी निघून जाते. त्या क्षणी समोर काही भयंकर घडताना दिसले, तर आपण साखळी ओढून आपलीच गाडी थांबवणार. ती दुसरी गाडी मात्र गुन्ह्यासकट पुढे गेलेली असणार. साक्षीदार आहे, पण तिच्या हाती दाखवण्यासारखे काहीच नाही, ही कोंडी ख्रिस्तीने किती साध्या गोष्टीतून उभी केली आहे, याचे मला दर वेळी नव्याने कौतुक वाटते.

चित्रपटाचा खरा विषय इथून सुरू होतो. तिकीट तपासनीस या बाईंच्या हातातल्या रहस्यकथेकडे पाहतो आणि त्यांच्या सांगण्याचा निकाल मनातल्या मनात लावून टाकतो. पोलिसांना मृतदेह सापडत नाही, त्यामुळे तेही त्यांना सभ्यपणे वाटेला लावतात. वयस्कर, एकटी आणि पुस्तकांत रमणारी स्त्री काहीबाही पाहणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. मिस मार्पल या काही फी घेऊन काम करणाऱ्या खासगी डिटेक्टिव्ह नव्हेत, परंतु पोलिसांनी दार लावून घेतल्यावर त्या तपास स्वतःकडे घेतात आणि लोकांच्या याच गैरसमजाचा वेषांतरासारखा वापर करतात. रेल्वेच्या गँगमनचा वेष घालून त्या रुळांच्या कडेने शोध घेतात, रुळांलगतच्या ॲकेनथॉर्प कुटुंबाच्या हवेलीत मोलकरीण म्हणून नोकरी धरतात आणि गोल्फचा सराव करण्याच्या निमित्ताने आवार पालथे घालतात. प्रेक्षक हसतो, आणि हवेलीतली माणसेही त्यांना तितक्याच हलक्यात घेतात. म्हणूनच त्यांना घरभर मोकळेपणाने फिरता येते. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयवर वाढलेल्या आपल्या वाचकांना डिटेक्टिव्ह म्हटला की चपळ, धाडसी पुरुष आठवतो. इथे जाड कोट घातलेली, सत्तरीकडे झुकलेली एक बाई तेच सारे धाडस करते आणि ते आपल्याला पटते.

कादंबरीत हे काम तिघींमध्ये वाटलेले आहे. खून पाहतात मिसेस मॅकगिलिकडी, हवेलीत नोकरी धरते तरुण आणि हुशार लुसी आयलेसबॅरो, आणि विचार करतात मिस मार्पल. चित्रपटाने या तिघींची एकच व्यक्ती केली. लुसी ही ख्रिस्तीच्या उत्तम स्त्रीपात्रांपैकी एक आहे आणि तिच्या जाण्याने नुकसान झाले, हे मी नाकारत नाही. परंतु जिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही तिनेच सत्य शोधून काढावे, यात जो न्याय आहे तो कादंबरीच्या मांडणीत मिळत नाही.

हे साधले ते मिस मार्पल साकारणाऱ्या मार्गारेट रदरफर्ड यांच्यामुळे. त्यांच्या आयुष्याची सुरुवात फार दुःखद होती. त्यांच्या जन्माआधी, १८८३ मध्ये, मानसिक आजार जडलेल्या वडिलांच्या हातून आजोबांचा खून झाला होता. पुढे कुटुंब मद्रासला आले, तिथे आईने आत्महत्या केली आणि लहानग्या मार्गारेटला इंग्लंडमध्ये मावशीकडे पाठवण्यात आले. हे कळल्यानंतर मला त्यांचा अभिनय वेगळा दिसू लागला. खुनाची गोष्ट त्या कधीही थट्टेवारी नेत नाहीत. हनुवटी पुढे काढून, डोळे रोखून त्या समोरच्याला अडवतात तेव्हा आपण हसतो, पण मेलेल्या त्या अनोळखी स्त्रीबद्दलची त्यांची तळमळ क्षणभरही खोटी वाटत नाही. त्यांच्या मदतीला असलेले, कादंबरीत नसलेले ग्रंथपाल मिस्टर स्ट्रिंगर हे पात्र त्यांचे पती स्ट्रिंगर डेव्हिस यांनीच केले आहे. त्या दोघांमधला अदबशीर जिव्हाळा आणि रॉन गुडविन यांचे खट्याळ संगीत या दोन गोष्टींसाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहू शकते.

स्वतः ख्रिस्तीला रदरफर्ड यांचे हा आणि यापुढचे मिस मार्पल-चित्रपट फारसे रुचले नव्हते, तरीही १९६२ ची आपली ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ ही कादंबरी तिने रदरफर्ड यांना आदरपूर्वक अर्पण केली. पुस्तकाशी प्रामाणिक असलेली मिस मार्पल ज्यांना हवी असेल त्यांनी १९८४ ते १९९२ या काळातील बीबीसीच्या मालिकेतल्या जोन हिक्सन यांना पाहावे. त्या खरोखरच अप्रतिम आहेत. योगायोग असा की, ‘मर्डर, शी सेड’मध्ये हवेलीच्या स्वयंपाकघरात काम करणारी मिसेस किडर हिक्सन यांनीच साकारली आहे.

दोष नाहीत असे नाही. घरातले संशयित भाऊ एकमेकांपासून पुरेसे वेगळे उभे राहत नाहीत. पुढच्या तीन चित्रपटांत तर विनोदाचा तोल उत्तरोत्तर सुटत गेला. १९६४ च्या ‘मर्डर अहॉय’मध्ये मिस मार्पल तलवारीने द्वंद्व खेळतात, आणि तिथे मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूची आहे, कारण त्या द्वंद्वाचा त्यांच्या स्वभावाशी काहीही संबंध उरलेला नाही.

या पहिल्या चित्रपटात तसे कुठेही होत नाही. जेम्स रॉबर्टसन जस्टिस यांनी रंगवलेला तापट म्हातारा ॲकेनथॉर्प संपूर्ण चित्रपटभर या मोलकरणीवर खेकसतो आणि शेवटी तिलाच लग्नाची मागणी घालतो. मिस मार्पल ती नाकारतात, आणि त्या नकारात ना अपमानाची परतफेड आहे ना लाजणे. आपले काम पूर्ण झाले आहे आणि आपल्याला आपल्या घरी जायचे आहे, एवढेच त्यातून कळते.